बाबा पदमनजी कोणाच्या बाजूचे?

थंडी पडू लागली की बेळगावच्या आसपास गावोगावी साहित्य संमेलनांचे मांडव उभे राहतात. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, जेवणानंतर कथाकथन, शेवटी ठराव. मला ही संमेलनं मनापासून आवडतात. शेतातली कामं बाजूला सारून माणसं पुस्तकांच्या नावाने दिवसभर एका मांडवात बसतात, असं आज किती ठिकाणी घडतं? मागच्या हिवाळ्यात अशाच एका मांडवाबाहेर चहाच्या वेळी वाद पेटला. बेळगावात जन्मलेले आणि मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी यांच्या स्मारकाचा ठराव मांडायचा की नाही, हा वादाचा मुद्दा. एक बाजू म्हणाली, मांडायलाच हवा. पहिला मराठी कादंबरीकार बेळगावचा, याहून मोठा पुरावा सीमाप्रश्नात आणखी कुठला पाहिजे? दुसरी बाजू म्हणाली, ज्याने धर्म बदलला आणि धर्मप्रचारासाठीच कादंबरी लिहिली, त्याचं स्मारक आपण का करायचं? आवाज चढले, जुनी भांडणं वर आली. पण तेवढ्या वेळात ‘यमुनापर्यटन’ या त्यांच्या कादंबरीतला एक प्रसंग, एक पात्र, एक वाक्य कोणाच्या तोंडी आलं नाही. ठराव बारगळला आणि सगळे कथाकथनाला जाऊन बसले.

दोन्ही बाजूंची चूक एकच होती, असं माझं ठाम मत आहे. दोघांनाही पदमनजी साक्षीदार म्हणून हवे किंवा नको होते; लेखक म्हणून ते कोणालाच नको होते. सीमाभागातल्या आपल्या पिढ्या कमिशन, निवाडे आणि तारखांमध्ये वाढल्या. 1956 ची पुनर्रचना, 1967 चा महाजन अहवाल, 2004 चा सर्वोच्च न्यायालयातला दावा हे सगळं आपल्याला पाठ आहे. त्यामुळे हातात येणारा प्रत्येक कागद आपण पुरावा म्हणूनच उलगडतो, आणि लेखकाकडेही तसंच बघतो. सोयीची साक्ष देईल तो आपला, अडचणीची देईल त्याला बोलवायचंच नाही. विस्मृतीत गेलेल्या कादंबरीकाराचं आयुष्य शोधायचं ते त्याचं पुस्तक नीट वाचता यावं म्हणून. हे कारण ज्यांना पुरेसं वाटत नाही, त्यांनी ठराव न मांडलेलाच बरा.

आता हा माणूस कोण, ते आधी पाहू. बाबा पदमनजी 1831 मध्ये बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले. इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले. तिथे जातिभेद न मानणाऱ्या आणि गुप्तपणे चालणाऱ्या परमहंस सभेत सामील झाले. 1854 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तीही बेळगावातच. 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ आलं. मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाची आटोपशीर आवृत्ती 1863 मध्ये तयार करणारे तेच. लहानमोठी मिळून त्यांची पुस्तकं शंभराच्या घरात जातात. 1906 मध्ये ते वारले. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र आहे आणि परमहंस सभेबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंच या एका पुस्तकामुळे कळतं.

त्यांच्यानंतर बारा वर्षांनी, 1843 मध्ये, याच जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटीला रामचंद्र भिकाजी गुंजीकर जन्मले. 1867 मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाचे ते पहिले संपादक. त्याच मासिकातून क्रमशः येऊन 1871 मध्ये पुस्तकरूप झालेली त्यांची ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. मराठीसाठी लघुलेखनाची लिपी बसवायचा उद्योगही याच माणसाने केला. म्हणजे मराठीतली पहिली सामाजिक कादंबरी आणि पहिली ऐतिहासिक कादंबरी, दोन्ही एकाच जिल्ह्यात जन्मलेल्या माणसांनी चौदा वर्षांच्या अंतराने लिहिल्या. पहिली कादंबरी कोणती, ‘यमुनापर्यटन’ की ‘मोचनगड’, यावर मराठीच्या वर्गांतून गेली कित्येक वर्षं काथ्याकूट चालला आहे. दोघांची गावं नकाशावर एका बोटाच्या पेराने झाकली जातात, हे त्या वर्गांत मी कधी ऐकलं नाही.

बरं, इथे तरी ते कोणाला ठाऊक आहे का? शहरातल्या एका वाचनालयात मी ‘अरुणोदय’ मागायला गेलो होतो. लाकडी खणात तपकिरी पडलेली तालिकापत्रं, भोकातून ओवलेली लोखंडी सळई. ‘प’च्या खणात कार्ड सापडलं. शाईच्या टाकाने वळणदार अक्षरात लिहिलेलं, आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एकच शब्द : गहाळ. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “यांचं नाव घेऊन आलेले तुम्ही दुसरे ओ सर. त्या दिवशी अभ्यासिकेतला एक मुलगा आला होता, पण त्याला पुस्तक नको होतं. साल तेवढं बरोबर काय, ते बघायचं होतं.” त्या मुलाला मी दोष देत नाही. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकात ‘पहिली मराठी कादंबरी – यमुनापर्यटन – बाबा पदमनजी – 1857’ अशी ओळ असते आणि गुण त्या ओळीला मिळतात. पण त्या मुलाचं घर आणि अभ्यासिका यांच्यामध्ये जे गाव पसरलंय, त्याच गावात तो लेखक जन्मला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पदमनजींचं नाव पुसलं गेलेलं नाही, ते एका ओळीत कोंडलं गेलं आहे. विसरण्यापेक्षा हे वाईट, कारण ओळ पाठ झाली की शोधायची गरजच कोणाला वाटत नाही.

जांबोटीलाही मी जाऊन आलो. चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे चहाला थांबतात. हॉटेलच्या मालकाला विचारलं, गावातल्याच दोघा वयस्करांना विचारलं. “गुंजीकर? मग गुंजीला विचारा की. इकडे कशाला आलात?” असं आपुलकीने सांगून त्यांनी मला गुंजीच्या वाटेला लावायची तयारी केली. आडनावावरून त्यांनी लावलेला तर्क चुकीचा म्हणता येत नाही. गुंजी हेही खानापूर तालुक्यातलंच गाव. पण जांबोटीत जन्मलेल्या माणसाचा पत्ता जांबोटीने दुसऱ्या गावाचा द्यावा, हे मला फार लागलं.

आता विरोधकांचे मुद्दे घेतो, आणि त्यांतले कच्चे सोडून पक्के घेतो.

‘यमुनापर्यटन’ प्रचारकी आहे, हा पहिला आक्षेप. तो खराच आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत त्यांना विधवा भेटतात, त्यांच्या हालांच्या कहाण्या ऐकायला मिळतात. पुढे विनायक जातो, यमुनाच विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. शेवट आधी ठरवून त्याच्याकडे कथा ओढत नेलेली आहे, हे कोणत्याही वाचकाला जाणवेल. पण म्हणून ती वाचायची नाही? विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 चा. तो होऊन वर्ष उलटतंय तोच बेळगावचा एक पंचविशीतला तरुण घराघरांतल्या केशवपनाच्या, उपासमारीच्या, अब्रूच्या भीतीच्या गोष्टी छापून मोकळा होतो. पुढे तीसेक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्ष्यात कोण घेतो’ लिहायला घेतली. तिची नायिकाही विधवा, तिच्याही डोक्यावर वस्तरा फिरतो, आणि तिचंही नाव यमुनाच. हरिभाऊंची यमुना आपण काळजाशी धरली. पदमनजींच्या यमुनेला मात्र तिच्या शेवटासाठी आपण अजून माफ केलेलं नाही. एकीला समाजाने गिळलं म्हणून ती आपली झाली, दुसरी समाजातून बाहेर पडून जगली म्हणून परकी. हा निवाडा कादंबरीच्या कलेवर झाला आहे, असं छातीवर हात ठेवून कोणी सांगेल का? आणि आयुष्य शोधण्याची गरज नेमकी इथेच लागते. ज्याने ही यमुना लिहिली, त्याने स्वतः तीनच वर्षांपूर्वी घरदार आणि जात यांच्याशी असलेले धागे तोडले होते, आणि तेही ओळखीच्या माणसांनी भरलेल्या आपल्याच गावात. हे माहीत असलं की त्या शेवटात प्रचारासोबत एका माणसाची स्वतःची जखमही दिसू लागते.

दुसरा आक्षेप आणखी सरळ आहे. दोघेही तरुणपणीच इथून गेले. त्यांचं काम मुंबईत झालं. जन्मगाव म्हणजे नोंदवहीतला एक रकाना. हेही मला बरंचसं मान्य आहे. नुसत्या जन्माच्या जोरावर फुशारकी मारणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे. पण पदमनजींच्या बाबतीत बेळगाव हा रकाना नाही. 1820 पासून लंडन मिशनरी सोसायटीचं ठाणं इथे होतं, शेजारी इंग्रजांची लष्करी छावणी होती. व्यापार करणाऱ्या, कन्नड-मराठी-उर्दू एका दमात बोलणाऱ्या जुन्या पेठेला लागून ही नवी वस्ती वाढत होती. जुनं आणि नवं एकमेकांवर घासत असलेल्या अशा गावात वाढलेला मुलगा आणि पुण्याच्या पेठेत वाढलेला मुलगा सारखा विचार करतील कसा? ‘अरुणोदय’मधलं बालपण वाचताना त्या वेळचं बेळगाव मनात नसेल, तर अर्धा मजकूर हातून निसटतो.

तिसरा मुद्दा कन्नड बाजूचा. आपल्या मांडवांत तो कधीच नीट मांडला जात नाही, आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धारवाड-बेळगाव भागात कचेरीची आणि शाळेची भाषा मोठ्या प्रमाणावर मराठी होती. ती पेशवाईपासून चालत आली होती आणि मुंबई इलाख्यात तशीच पुढे राहिली. कन्नड भाषक मुलांनाही मराठीतून शिकावं लागे. ‘डेप्युटी’ चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी झगडून इथे कन्नड शाळा उभ्या केल्या. म्हणजे त्या काळात इथल्या माणसाने मराठीत कादंबरी लिहिली, एवढ्यावरून गावोगावी मराठीच बोलली जात होती, असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते इतकंच की लिहिण्या-छापण्याची वाट तेव्हा मराठीतून जात होती. मी स्वतः मराठी आहे, सीमाभागातला आहे, मराठी शाळांचे हाल रोज बघतो. तरी हे मला कबूल करावंच लागतं. आणि कबूल केल्याने काही बिघडतं का? सीमाप्रश्नाचा न्याय आज इथे राहणाऱ्या माणसांच्या हक्कांवर मागायचा आहे. त्यासाठी 1857 च्या कादंबरीला पिंजऱ्यात उभं करायची गरज नाही. दाव्याची बाजू अशा पुराव्याने बळकट होत नाही, उलट समोरच्याला उलटतपासणीची आयती संधी मिळते.

या भागातल्या लेखकांनी तर भाषांची सरहद्द कधी पाळलीच नाही. गळगनाथांचंच बघा. कन्नड कादंबरीच्या सुरुवातीच्या काळातला हा माणूस स्वतःची पुस्तकं खांद्यावर वाहून गावोगाव विकायचा. त्यांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडमध्ये नेल्या. विजयनगरच्या पाडावावरची हरिभाऊंची ‘वज्राघात’ त्यांच्या हाती ‘कन्नडिगर कर्मकथे’ झाली आणि ती वाचून कन्नड तरुणांचा स्वाभिमान जागा झाला. मराठी कादंबरीने कन्नड अस्मिता चेतवली! हा पुरावा कोणत्या बाजूच्या फायलीत लावायचा? धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि 1973 चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला तो कन्नड कवितेसाठी. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे ‘कर्नाटकसिंह’ म्हणून ओळखले गेले, आणि आत्मकथा त्यांनी मराठीत लिहिली. वडाची साल पिंपळाला लावल्याशिवाय ही आयुष्यं कोणत्याच दाव्यात बसत नाहीत.

साक्षीदार केलेल्या लेखकाचं पुढे काय होतं, याचं उदाहरणही बेळगावातच आहे. 1946 चं मराठी साहित्य संमेलन इथे भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव तिथे झाला. तो ठराव आपण आजही अभिमानाने आठवतो आणि आठवावाच. पण त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर कादंबरीकार होते. ‘मुक्तात्मा’, ‘भंगलेले देऊळ’ या त्यांच्या कादंबऱ्या एके काळी हातोहात खपत. आज सीमाभागातल्या किती घरांत त्यांतली एखादी सापडेल? ठरावाचा उपयोग होता, तो जपला. कादंबऱ्यांचा नव्हता, त्या गेल्या.

शेवटचा प्रश्न मला एका शिक्षिकेने विचारला आणि तो मी अजून मनात घेऊन फिरतो. पट घसरलेल्या मराठी शाळेत त्या चार इयत्ता एकाच खोलीत शिकवतात. त्या म्हणाल्या, “माझ्या वर्गात पोरं टिकत नाहीत आणि तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा जन्मदाखला शोधताय.” या रागापुढे युक्तिवाद करायला जीभ रेटत नाही. शाळा आधी, हे खरंच. तरीही मी त्यांना एवढंच विचारलं : मराठीतून शिकून काय होणार, असं पालक विचारतात तेव्हा तुम्ही काय दाखवता? पुण्याचे लेखक, मुंबईचे लेखक, सगळे लांबचे. आपल्या तालुक्यातल्या, जंगलाच्या कडेच्या एका गावचा पोरगा या भाषेत असं काही लिहून गेला, जे त्याआधी कोणी लिहिलं नव्हतं, हे पोरांना कोणी सांगितलंय का? त्या गप्प राहिल्या. माझा मुद्दा पटला म्हणून नव्हे. गुंजीकर त्यांनीही नुसते प्रश्नपत्रिकेत वाचले होते.

शोधलेलं हाती लागतं, हा अनुभव मराठीला नवा नाही. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 चं. पुढे जवळजवळ शतकभर ते कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. 1975 मध्ये स. गं. मालशांनी ते पुन्हा छापलं आणि एकोणिसाव्या शतकाकडे बघायची आपली नजरच बदलली. जोतिरावांचं ‘तृतीय रत्न’ 1855 चं. ते छापून लोकांसमोर यायला 1979 उजाडलं. या दोन्ही वेळी आधी पुस्तक बाहेर आलं. अभिमान, चर्चासत्रं, पुतळे सगळं नंतरचं. आपण बेळगावात उलट्या टोकाने सुरुवात करतोय : आधी पुतळा, पुस्तकाचं नंतर बघू.

आणि शोधताना हात आवरावा लागतो, हेही सांगतो. बेळगावात आजही कासार गल्ली आहे. पदमनजी कासार होते, तेव्हा घर तिथेच असणार, असं ठोकून द्यायला कितीसा वेळ लागतो? जांबोटीच्या रानात भीमगड आहे, तेव्हा मोचनगड म्हणजे भीमगडच, असं एक उत्साही गृहस्थ मला छातीठोकपणे सांगत होते. मोचनगड हा गुंजीकरांनी कल्पनेने उभा केलेला गड आहे. त्याला भीमगडाच्या दगडांनी बांधून काढलं की पर्यटनाची पाटी तयार होईल, पण लेखकाची कल्पनाशक्ती मात्र त्या पाटीखाली गाडली जाईल. कागद जिथे आहेत तिथे जायला हवं. बेळगावच्या मिशनचा पत्रव्यवहार लंडनला, सोआस या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. मुंबई इलाख्याची दप्तरं मुंबईत आहेत. 1956 मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तोडून महाराष्ट्राकडे आला, पण जुने कागद माणसांसारखे सरहद्द ओलांडून आपापल्या राज्यात गेले नाहीत. शाळांचे जुने हजेरीपट, चर्चच्या दीक्षेच्या नोंदी, इनामाचे मोडी कागद, कन्नड दप्तरं, यातलं काही एका भाषेच्या माणसाला एकट्याने वाचता येणारं नाही.

ही अडचण माझ्या ध्यानात आली ती गोकाकच्या एका निवृत्त कन्नड प्राध्यापकांमुळे. मी त्यांच्याकडे पदमनजींच्या काळातल्या शाळांविषयी विचारायला गेलो होतो. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी मलाच विचारलं, “आमच्या तालुक्यातल्या मलामरडीचे बसवराज कट्टीमनी तुम्ही वाचलेत का?” कन्नडमधले एवढे मोठे कादंबरीकार, 1989 पर्यंत हयात होते, माझ्या घरापासून दोन तासांवरचं गाव. मी वाचले नव्हते. नावसुद्धा मी एका रस्त्याच्या कडेच्या फलकावर पाहिलं होतं तेवढंच. ते रागावले नाहीत. ‘यमुनापर्यटन’ त्यांनीही वाचलेलं नव्हतं.

आता दोघांनी ठरवलंय. पहिल्या खेपेला मलामरडी, दुसऱ्या खेपेला जांबोटी. त्यांना मोडी येत नाही आणि मला जुनं कन्नड हस्ताक्षर लागत नाही, म्हणून दोन्हीकडे बरोबरच जायचं. ‘यमुनापर्यटन’ची झेरॉक्स मी त्यांना दिली आहे. रोज चार पानं वाचतात आणि अडलेले मराठी शब्द रात्री मला फोन करून विचारतात.